साडेपाचची गोष्ट आणि मोटरसायकलवरचा रेडिओ

करामा

दुबईत राहणारी माणसं सुट्टीच्या दिवशी सकाळी पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराला निघतात, समुद्रात पाय बुडवतात, मासे खातात आणि संध्याकाळी घरी परततात. आम्हाला मात्र या सहलीला तीन दिवस लागले. आमच्या मोटरसायकलवर एक रेडिओ बसवलेला होता आणि पूर्वेकडे तोंड केल्याशिवाय तो बोलत नसे.

हा उपग्रह रेडिओ होता. त्याची अँटेना म्हणजे डब्याच्या झाकणाएवढी चपटी चौकोनी पाटी. ती आकाशातल्या उपग्रहावर रोखली की आवाज स्वच्छ यायचा, जरा ढळली की एकदम शांतता. साध्या रेडिओची खरखरसुद्धा नाही. दुबईतून तो उपग्रह पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून फार वर नाही असा लागतो. म्हणजे साधारण आपल्या देशाच्याच दिशेला. त्यावर एक मराठी वाहिनी होती. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत अँटेना कुंडीला टेकवून ठेवलेली असायची आणि मेधा, माझी बायको, स्वयंपाक करता करता ऐकायची. पुण्यात सहकारनगरला तिच्या आईकडेही तसाच संच होता. एकच गाणं एकाच क्षणी दोन्ही स्वयंपाकघरांत वाजतंय, याचं मायलेकींना फार अप्रूप होतं.

मग मंदी आली. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन हलायच्या थांबल्या. सिलिकॉन ओएसिसमधलं माझं ऑफिस निम्म्यावर आलं. माझी नोकरी राहिली, पण घरभाडं आणि शाळेची फी द्यायचं कंपनीने बंद केलं. मेधा आणि आमची मुलगी ऋचा पुण्याला गेल्या, आणि मी करामातच चौघांच्या खोलीत आपल्यापुरता एक बेड भाड्याने घेऊन राहायला आलो. मेधाच्या मते मी पुण्यात मिळेल ती नोकरी धरून यावं. मी म्हणत होतो, थोडे दिवस बघू, इथलं सुरळीत होईल. फोनवर आमचं बोलणं रोज त्याच वळणावर येऊन थांबायचं.

ऋचाचा जन्म दुबईचा. आम्ही ज्याला परत जाणं म्हणत होतो, ते तिच्या लेखी घर सोडणं होतं. पुण्याच्या शाळेत तिच्या मराठीला मुली हसायच्या. ती फोनवर यायची नाही, आलीच तर "बाबा, आय ॲम बिझी" म्हणून आजीकडे फोन द्यायची. मराठी सुधारावं म्हणून आजीने तिला त्या रेडिओवरची मुलांची गोष्ट ऐकायला बसवायला सुरुवात केली. पुण्याच्या सात वाजता, म्हणजे आमच्या साडेपाचला. सर्कशीतून सुटलेली गोदा नावाची म्हातारी हत्तीण सह्याद्रीतल्या आपल्या जंगलाकडे पायी निघाली आहे, अशी ती क्रमशः गोष्ट होती. मी ऋचाला म्हटलं, तू तिकडे ऐक, मी इकडे ऐकतो, मग फोन करतो. तिला ते पटलं. फोन व्हायचा तो एवढाच: मी ऐकलंस का विचारायचं, तिने "यस" म्हणायचं आणि ठेवायचं. पण त्यासाठी ती रोज फोनवर येऊ लागली. मला तेवढंही पुरत होतं.

अडचण अशी की आमच्या खोलीची एकुलती एक खिडकी पश्चिमेला होती. मी रोज ऑफिसमधून लवकर सटकून संच आणि बॅटऱ्या घेऊन इमारतीमागच्या पार्किंगमध्ये पाटी धरून उभा राहायचो. वॉचमनला वाटायचं हा काहीतरी मोजमाप घेतोय.

त्यातच ऑफिसने सगळ्यांना पाळीपाळीने आठवडाभर बिनपगारी रजेवर पाठवायचं ठरवलं. माझी पाळी आली. देश सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याची जुनी मोटरसायकल माझ्याकडे आलेली होती. खोलीत बसून राहिलो तर वेडा होईन असं वाटलं. फुजैराच्या बाजूचा समुद्र बघायचा, असं आम्ही तिघं कितीतरी सुट्ट्या नुसतं बोलत आलो होतो. आता एकट्याने का होईना, जावं. पण मग साडेपाचची गोष्ट चुकेल. म्हणून रेडिओच मोटरसायकलवर बसवायचा ठरला.

मला वाटलं होतं एका सकाळचं काम आहे. संचाला चार शत्रू होते: धक्के, वाळू, ऊन आणि दमट हवा. स्वयंपाकघरातला क्लिपच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला, जुन्या गादीचा स्पंज कापून संच त्यात रुतवला. हँडलच्या दांडीवर यू-क्लॅम्प, आणि क्लॅम्पखाली धक्के खायला स्लीपरचा तळ. वायरींसाठी भोक डब्याच्या बुडाला पाडलं आणि वायरीला खाली वळसा दिला, म्हणजे पाणी आलं तरी वायरीवरून ओघळून आत शिरण्याऐवजी वळशाशीच गळून पडेल. झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरून सिलिकॉन. बाथरूममध्ये नेऊन बादलीभर पाणी ओतलं, आत थेंब नाही. मी खूश. मग डबा दुपारभर उन्हात ठेवला तर संच इतका तापला की आपोआप बंद झाला. दुसऱ्या दिवशी डब्याला पांढरा रंग दिला आणि वर चार बोटं अंतर सोडून पत्र्याची सावली केली.

अँटेनाचा प्रश्न वेगळा. रस्ता वळला की पाटी वळणार, पाटी वळली की रेडिओ मुका. त्यावर तोडगा काढला आमच्या खोलीतल्या सुधाकर राऊळ यांनी. राऊळ वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशी उलटलेले, सेंटरिंगचे फोरमन. त्यांची साइट बंद पडली होती आणि कंपनी तिकिटाची आज देतो, उद्या देतो करत होती. मेधाच्या डायनिंग टेबलावरची मसाल्यांची फिरती तबकडी माझ्या पलंगाखाली पडून होती. ती त्यांनी मागच्या कॅरिअरला ठोकली आणि वर पाटी तिरकी बांधली. "आता ही वळवूक मागे माणूस होयो," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले की वेंगुर्ल्याला लागणारा समुद्र फुजैराच्या बाजूचा. दुबईचा समुद्र म्हणजे आडोशाची खाडी, तिच्याकडे बघून त्यांना कधी काही वाटलं नाही. जायच्या आधी तो पलीकडचा बघायची इच्छा होती. एवढी वर्षं इथे काढून ते अजमानच्या पुढे गेले नव्हते.

असे आम्ही दोघं निघालो.

मसाफी

शारजाची वस्ती मागे पडली की वाळू लाल होत जाते. धैदपर्यंत रस्ता सरळ पूर्वेला जातो आणि तिथवर सगळं झकास चाललं. हेडफोनचं एक टोक माझ्या कानात, दुसरं राऊळांच्या, दोन्ही हेल्मेटच्या आत. राऊळ उंट बघायला वाकले की माझा कान ओढला जायचा. मराठी वाहिनीवर कुणीतरी अळूच्या फदफद्याची कृती सांगत होतं आणि आमच्या दोन्ही बाजूंना झुडुपंसुद्धा नव्हती. माझ्या मागे राऊळ पाठीकडे हात नेऊन तबकडी फिरवत होते. आवाज गेला की मी ओरडायचो, "उजवीकडे!" त्यांचं उजवं आणि पाटीचं उजवं एक नव्हतं, हे आम्हाला धैद सोडल्यावर कळलं.

धैदला एका मलबारी हॉटेलात परोठा आणि करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा घेतला. तिथे डोंगर दिसायला लागले. आपल्या डोंगरांची सवय असलेल्या डोळ्याला ते उघडेवाघडे वाटतात. गवताचं पातं नाही, नुसता चिरफाळलेला तपकिरी दगड. राऊळ म्हणाले, कुणीतरी वरचं कातडं सोलून नेल्यासारखं दिसतं. पण जवळ गेल्यावर प्रत्येक घळीत थोडी खजुराची झाडं आणि त्यांच्या आत एखादं घर लपलेलं दिसायचं.

मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार भरतो. गालिचे, कुंड्या, भाजलेली कणसं. मीठ-लिंबू लावून कणीस मागितलं तर पठाण दुकानदाराने लिंबाबरोबर लाल तिखटही चोळून दिलं आणि म्हणाला, "इंडिया वाला ऐसा खाता है, मालूम है." आम्ही कणसं खात असतानाच पाऊस आला. हिवाळ्यात तो इथे क्वचित येतो आणि येतो तेव्हा माणसं गाड्या थांबवून बाहेर येऊन उभी राहतात. पाऊण तास पडला असेल, पण पुढचा ओढा गढूळ पाण्याने भरून रस्त्यावरून वाहायला लागला. पलीकडे शेळ्यांचा कळप आणि अलीकडे आम्ही, कुणालाच पुढे जाता येईना. माझं सगळं लक्ष डब्याकडे. डब्याच्या आत थेंब नव्हता.

पण आवाजही नव्हता. साडेपाच वाजत आले तरी नाही. आम्ही अरुंद घळीत होतो आणि बरोबर पूर्वेला डोंगर भिंतीसारखा उभा होता. त्याच्यामागे उपग्रह. राऊळ पाटी हातात घेऊन शेजारच्या खडकावर चढले, मी वायर जोडत जोडत मागे. काही उपयोग झाला नाही. गोष्ट सुरू झाली असेल, संपली असेल. सूर्य गेला. ऋचाला फोन लावताना मला खरंच अपराध्यासारखं वाटत होतं.

"बाबा, ऐकलंस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही ऐकता आलं, मध्ये डोंगर आला.

मला वाटलं, आता आजीकडे फोन देणार. पण ती म्हणाली, "मग तुला माहीतच नाही काय झालं ते?" आणि सांगायला लागली. गोदा एका गावाजवळ आली, तिथे ऊस होता, माणसं मशाली घेऊन आली. सुरुवात इंग्रजीत केली, पण गोष्ट तर तिने मराठीत ऐकलेली. मशालीला, उसाला, 'चाहूल लागली'ला तिच्याकडे इंग्रजी शब्द नव्हते. हळूहळू सगळीच मराठीत आली. "गोदाला ना, चाहूल लागली. चाहूल म्हणजे, आवाज नसतो पण कळतं." मध्येच आजीला विचारायची, परत यायची. फोनचं कार्ड संपत आल्याची सूचना ऐकू येईपर्यंत ती बोलत होती. पुण्याला गेल्यापासून मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

ओढा उतरला. शेळ्या अलीकडे आल्या.

दिब्बा

रात्र दिब्ब्याला एका साध्या लॉजमध्ये काढली. सकाळी डबा उघडला तर आत सगळीकडे दव. डबा उघडून बघताना शिरलेली पावसाची दमट हवा आतच अडकली होती. पाणी बाहेर ठेवण्याच्या नादात मी ते आतही कोंडून ठेवलं होतं. मासळी बंदराच्या कट्ट्यावर बसून संच उन्हात वाळत घातला.

तिथे एक म्हातारे अरब गृहस्थ काठी टेकत आले आणि आमच्या तबकडीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, हा पोलिसांचा कॅमेरा आहे का. अरबीत नव्हे, जुन्या मुंबईच्या बाजारी हिंदीत. रेडिओ आहे, भारतातलं लागतं, असं मी सांगितल्यावर ते कट्ट्यावर आमच्याजवळच बसले. लोक त्यांना अबू सालेम म्हणत होते. तरुणपणी वडिलांच्या गलबतावर ते खजूर घेऊन आपल्या किनाऱ्याला यायचे आणि कौलं, लाकूड, मसाले घेऊन परतायचे. तेव्हा इथे रुपयाच चालायचा, ते म्हणाले. मुंबई, रत्नागिरी, मालवण अशी नावं त्यांनी एकामागोमाग घेतली. वेंगुर्ला म्हणाले तेव्हा राऊळ ताठ झाले.

मग आम्हाला निघता आलं नाही. "यल्ला, घर चलो," म्हणत ते आम्हाला घेऊनच गेले. बसायच्या खोलीत जमिनीवर गाद्या, इवल्या कपांतली वेलदोड्याची कडू कॉफी, खजूर. कप हलवून दाखवल्याशिवाय ते ओतायचं थांबवत नाहीत, हे आम्हाला उशिरा समजलं. जेवणाला मोठ्या थाळ्यात भात आणि त्यावर शेरी नावाचा इथला अख्खा मासा, वाळवलेल्या काळ्या लिंबाची आंबट चव. राऊळांनी दोन घास खाल्ले आणि आपल्या पिशवीतून आमसुलांची पुडी काढून अबू सालेमांपुढे धरली. त्यांनी एक आमसूल तोंडात टाकलं आणि डोळे मिटून ते बराच वेळ चघळत राहिले.

नंतर ते सांगू लागले, वादळात एकदा त्यांचं गलबत वेंगुर्ल्याला अडकलं होतं, तेव्हा बंदरावर एक मोठा वड होता. त्याच्या पारावर एक बाई त्यांना गरम पेज द्यायची. "वो झाड है अभी?"

"है," राऊळ म्हणाले. "बहुत बडा हो गया."

अबू सालेमांनी मान हलवली आणि छातीवर हात ठेवला.

संध्याकाळी त्यांच्या अंगणातून समुद्र सरळ समोर दिसत होता. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. वाळलेला संच लावला, पाटी नुसती भिंतीला टेकवली आणि आवाज असा स्वच्छ आला की निवेदिकेने पान उलटलेलं ऐकू यावं. गोदा त्या दिवशी एका नदीशी पोचली. अबू सालेमांना एक शब्द कळत नव्हता, पण निवेदिकेने हत्तीचा आवाज काढला की हसत होते. सगळा भाग एक क्षणही न तुटता ऐकून मी अभिमानाने फोन लावला.

"ऐकलंस?" ऋचा म्हणाली.

"सगळं ऐकलं. अगदी क्लिअर."

"ओके. गुड. बाय, बाबा."

मी फोन हातात धरून उभा राहिलो. निघताना राऊळांना मी म्हटलं, तो वड मलाही बघायचाय, कधी आलो तर दाखवा. ते मोटरसायकलवर बसले, हेल्मेट घातलं आणि म्हणाले की आपल्या आठवणीत तिथे वड कधीच नव्हता. तोडला असेल आपल्या जन्माआधीच.

"मग है म्हणालात ते?"

"नाय म्हणान माका काय गावणार होता?"

कलबा

शेवटचा दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला. खोरफक्कान, फुजैरा, आणि मग कलबा, जिथे खारफुटीची झाडं उथळ पाण्यात उभी असतात आणि क्षणभर वाटतं आपण कोकणातल्याच एखाद्या खाडीवर आलो. राऊळांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले तरी थांबेनात, तेव्हा मी हाक मारली. त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि तिथेच उभे राहिले. नंतर म्हणाले, पाण्याची चव तीच आहे. त्यांच्या मुलीचं लग्न त्यांनी फोनवर ऐकलं होतं आणि नातू अजून पाहिला नव्हता. घरी जायला एवढे उतावळे असून त्यांना आता जायची भीती वाटत होती. तिथे आपण पाहुण्यासारखेच जात आलोत, घरचा माणूस म्हणून राहायचं कसं ते विसरलो असू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, जमेल. मला तरी कुठे माहीत होतं.

सूर्य आमच्या पाठीमागच्या डोंगराआड गेला आणि समुद्र राखाडी झाला. साडेपाच वाजत आले होते. राऊळांनी सवयीने तबकडी फिरवून पाटी पूर्वेला रोखली. समोर मोकळं पाणी, वर मोकळं आकाश. बटण दाबलं की झालं.

मी बटण दाबलं नाही. गोष्ट संपायच्या वेळेपर्यंत आम्ही दोघं धक्क्यावर चणे खात बसलो. मग मी फोन लावला.

"आज नाही ऐकायला मिळालं गं," मी म्हटलं. "काय झालं?"

"परत डोंगर?" तिने विचारलं. आवाजात चक्क माया होती. "थांब, सांगते."

नदी ओलांडायची तर पूल माणसांचा आणि पाणी खोल. ऋचाने ते इतकं रंगवून सांगितलं की मला पलीकडच्या काठावरची माती दिसली. राऊळ माझ्याकडे बघत होते आणि हसत होते.

पुन्हा करामा

परतीच्या रस्त्यावर तोंड पश्चिमेला होतं. तबकडी मागे वळवून रेडिओ लावावा असं दोघांनाही वाटलं नाही. राऊळांचं तिकीट त्याच आठवड्यात आलं. विमानतळावर त्यांनी मला आमसुलांची उरलेली पुडी दिली आणि नमस्कार न करता घट्ट मिठी मारली.

त्यानंतर मी संच चालू केला नाही. तो मोटरसायकलवर तसाच डब्यात होता, पार्किंगमध्ये. रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी उभा राहून मी पुण्याला फोन करायचो आणि सांगायचो की आज ऑफिसात अडकलो, आज वायर तुटली, आज ढग होते. ऋचा सांगत जायची. मेधाच्या फोनवर कधीकधी मला मागून ऋचाची हाक ऐकू यायची, "बाबाचा आहे का? मला दे." पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी अर्ज पाठवला. मेधाला म्हटलं, उत्तर येऊ दे. या वेळी आमचं बोलणं त्या वळणावर थांबलं नाही.

गोष्ट मात्र बदलत चालली होती. गोदा सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचली, आता जंगल लागणार असं वाटत असताना ती चढायची सोडून घाट उतरून कोकणात आली. मी विचारलं, हे कसं काय, तिचं जंगल तर वर आहे ना. ऋचा म्हणाली, "तिला आठवलं की ती लहानपणी दुसरीकडे राहायची." पुढच्या संध्याकाळी गोदा वाळूवर उभी होती. त्याच्या पुढच्या दिवशी तिने पाण्यात पाय घातला. "हत्तींना पोहता येतं, बाबा. खरंच येतं. मी पुस्तकात बघितलं."

मला वाटलं, लिहिणाऱ्याची कल्पनाशक्ती दांडगी आहे.

मग एका दुपारी मेधाशी बोलताना मी सहज म्हटलं की गोष्ट बरीच लांबली, कधी संपणार कुणास ठाऊक. मेधा गोंधळली. म्हणाली, कुठली गोष्ट? ती रेडिओ कंपनी बुडाली, पेपरात नाही का वाचलंस? सगळ्या वाहिन्या बंद झाल्या. आईचा संच कधीचाच कपाटावर ठेवून दिलाय. ऋचा संध्याकाळी काहीतरी लिहीत बसते आणि सात वाजता फोनपाशी जाते, मेधाला वाटलं होतं शाळेचा अभ्यास असेल.

मी तिला म्हटलं, ऋचाला यातलं काही विचारू नकोस.

संध्याकाळी खाली गेलो. आजूबाजूच्या बाल्कन्यांत कपडे वाळत होते, कुणाच्या तरी घरी फोडणी पडली होती. मी लावायच्या आधीच फोन वाजला.

"आज पण नाही ऐकलंस ना?" ऋचाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कुठवर आली गोदा?"

"अजून पाणीच आहे," ती म्हणाली. "दमलीय खूप. पण बाबा, तिला आता तुझ्याकडचे दिवे दिसायला लागलेत."